सुनंदा, तुझं भिवापुरी

सुनंदा,

तुझी तेरवी झाली. तुझ्या फोटोपुढे पान वाढलं होतं, त्यात तुला कधीच न आवडलेली वांग्याची भाजी होती, आणि तुझा धाकटा भाऊ विलास जेवणं व्हायच्या आधी चार शब्द बोलायला उभा राहिला. शेतात राबणारा माणूस, बोलायची सवय नाही, पण बोलला. म्हणाला, "ताई दवाखान्यात होती तवा अनुताईनं तिचं काम जितं ठेवलं. आमच्या घरावर उपकार आहेत त्याईचे." सगळ्या मंडपाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असणार.

तो विनय नव्हता. अर्ध्या तासापूर्वीच मला कळून चुकलं होतं की तुझं काम जिवंत नाही. माझ्याच हातांनी ते गेलं होतं. आणि मी वांग्याची भाजी वाढून घेतली आणि जेवले.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर एक पान लिहून दिलं आहे. जन्म, शिक्षण, किती वर्षं शिकवलं, सगळं त्यात आहे. विद्यार्थिप्रिय असा शब्दही घातला आहे, तू वाचला असतास तर खो खो हसली असतीस. हे त्या पानात मावणारं नाही. हे तुझ्याशीच बोलायचं आहे.

पहिल्यांदा मायक्रोबायोलॉजी विभागात आले तेव्हा मी किती शिष्ट होते, आठवतं? आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं. भोसल्यांच्या काळापासून लेखणी चालवून पोट भरलेलं, त्यामुळे शुद्ध बोलण्याचा मोठा तोरा. आणि तू फळ्यासमोर उभी राहून मुलांना सांगत होतीस, "पाह्य रे, हा जिवाणू इथी चिपकून राहिला." मी पहिल्याच आठवड्यात तुला ऐकवलं की शिकवताना तरी नीट बोलावं माणसाने. तू हातातली जिवाणूंची प्लेट खाली न ठेवता म्हणालीस, "जिवाणूले कुठं समजते वं, मी कोन्या भाषेत बोलून राहिली तं." मला राग आला आणि हसूही आलं. आपलं एकाच टेबलावरचं सगळं आयुष्य मग तसंच गेलं, अर्धं रागात आणि अर्धं हसण्यात.

भिवापुरी तू आणलंस ते माझ्या समोर. दिवाळीच्या सुट्टीनंतर भिवापूरहून परत आलीस, पिशवीत लाल मिरच्या आणि त्यांच्या खाली प्लास्टिकच्या थैलीत बाबांच्या मिरचीच्या वावरातली मूठभर माती. मिरच्या मला दिल्यास आणि माती स्वतःला ठेवलीस. त्या मातीतून प्लेटवर बरंच काय काय उगवलं, पण एक कॉलनी, जिवाणूंचा एक पुंजका, वेगळी होती. राखाडी, सुरकुतलेली, वर भुकटी भुरभुरल्यासारखी, आणि तिच्याभोवती एक स्वच्छ गोल, जिथे दुसरा एकही जिवाणू वाढायला धजत नव्हता. झाकण उघडलं की नव्या माठात पाणी ओतल्यावर येतो तसा वास यायचा. रजिस्टरमध्ये तिला नंबर मिळाला, पण तो नंबर आपण कधी उच्चारला नाही. तू तिचं नाव भिवापुरी ठेवलंस आणि सगळा विभाग तेच म्हणायला लागला.

हे वाचणारं दुसरं कोणी असेल तर त्याच्यासाठी आपलं भांडण थोडक्यात सांगते. तू मधेच तोंड घालशील असं वाटून मी अजून लिहिताना थांबते आहे.

कुठल्याही पेशीत प्रथिनं तयार होतात ती मण्यामागे मणी ओवून. मणी ओवणारं यंत्र एका जागी असतं आणि त्याच्यापर्यंत एकेक मणी उचलून आणणारं एक प्रथिन असतं. माळ लांबवत नेतं म्हणून पुस्तकात त्याला इलाँगेशन फॅक्टर म्हणतात. तू त्याला हमाल म्हणायचीस. मणी आणायचा, यंत्रात टाकायचा, बाहेर पडायचं, पुन्हा नवा आणायचा. भिवापुरी जे विष बनवायचं ते नेमकं या हमालालाच धरायचं. मणी टाकून झाला तरी हमाल दारातच अडकायचा. दार अडलं की सगळं काम ठप्प आणि आजूबाजूचे जिवाणू खलास. आता प्रश्न असा, की हे विष बनवणाऱ्या भिवापुरीच्या पोटातसुद्धा हमाल आहेच. मग त्याचं स्वतःचं दार का अडत नाही?

भिवापुरीकडे हमालाचे जीन दोन होते, ते तूच शोधलंस. एक रोजचा, सदा कामावर असणारा. दुसरा थोडा वेगळा आणि बहुतेक वेळ गप्प. तुझं म्हणणं असं की तो राखीव हमाल आहे. विषाला त्याला धरता येत नाही, आणि विष बनवायची वेळ आली की तोच कामावर येतो. माझं म्हणणं असं की ती नुसती जुनी नक्कल आहे, वंशावळीत कुठेतरी जोडली गेली आणि पडून राहिली. खरं संरक्षण करतो तो पंप, जो विष बनताक्षणी पेशीबाहेर फेकतो. तू पुरावा आणलास की मी त्यात खोट काढायची. मी आणला की तू म्हणायचीस, "मॅडम, हे तं तुमचं वाटनं झालं." रागावलीस की मला मॅडम म्हणायचीस.

एकदा बर्डीच्या बाजारात कुर्ते घ्यायला गेलो तेव्हाही आपण त्यावरच होतो. मी म्हणत होते, "तो दुसरा काही करत नाही, नुसता बसून असतो, त्याचा खर्च मात्र सगळ्यांना." तू म्हणत होतीस, "संकट आलं का तोच उभा राहते, पाहजो." दुकानदार कुर्त्याची घडी मोडता मोडता थांबला आणि अदबीने म्हणाला, "दीदी, घर का मामला है, देवर लोगों को सामने बिठा के निपटा लो." तू रस्त्यावर येऊन इतकी हसलीस की मेट्रोच्या खांबाला टेकून उभी राहिलीस. मी तुझ्यासमोर हसले नाही, भांडण संपलं नव्हतं ना. घरी जाऊन हसले.

भांडण संपवायचा उपाय आपल्या दोघींना माहीत होता. तो दुसरा जीन बंद पाडायचा आणि पाहायचं, भिवापुरी आपल्याच विषाने मरतं की जगतं. तू तयारी सुरू केली होतीस. तेवढ्यात गेल्या उन्हाळ्यात डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला. सुट्टी होती, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि जपून ठेवलेल्या सगळ्या ट्यूब वितळून सडल्या. भिवापुरी फक्त प्लेटवर उरलं. पावसाळ्यानंतर नवा साठा करू म्हणालीस. पावसाळ्यात तुझा ताप सुरू झाला.

तू भरती झालीस त्या दिवशी दवाखान्याच्या खाटेवरून मला बजावलंस, "भिवापुरीले माह्याच मीडियावर ठेवजो. उपाशी दिसन, पन तसंच ठेवजो." मीडिया म्हणजे प्लेटवरचं जिवाणूंचं खाणं, आणि तुझा मीडिया म्हणजे मातीचा अर्क आणि चिमूटभर स्टार्च. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

आता पुढचं सांगते.

तुझ्या मीडियावर ते फारच हळू वाढायचं. मी धंतोलीच्या दवाखान्यात तुझ्याकडे रोज संध्याकाळी यायची आणि तू विचारायचीस, "माहं पोट्टं कसं आहे वं?" मी भिवापुरीचा फोटो दाखवायची. राखाडी, किरकोळ, कडेला वाळल्यासारखं. तुझा चेहरा तेव्हा आधीच उतरलेला असायचा. हातावरची सुई, ओठांच्या चिरा. मला ते बघवेना. मला वाटलं, तुला काहीतरी छान दाखवावं. एक दिवस मी भिवापुरी भारी मीडियावर घेतलं, भरपूर पेप्टोन, भरपूर ग्लुकोज. दोन दिवसांत प्लेट भरली. पुढच्या वेळी त्यातली सगळ्यात मोठी, पांढरीशुभ्र, गुळगुळीत कॉलनी उचलली आणि नव्या प्लेटवर घेतली. त्यापुढच्या वेळी पुन्हा सगळ्यात देखणी. कशी गुटगुटीत होती. फोटो काढायची आणि तुझ्याकडे धावत यायची. जुन्या प्लेट दर शनिवारी आटोक्लेव्हमध्ये घालून नष्ट करायची, कारण टेबलावर पसारा मला खपत नाही. तू नव्हतीस, टेबल पहिल्यांदाच आरशासारखं झालं होतं, आणि त्याचा मला थोडा आनंदही होत होता. तोही सांगून टाकते.

सुनंदा, हे मी वर्गात शिकवते. दरवर्षी, सेकंड इयरला. मातीतल्या या जिवाणूंना फुकटचं खायला मिळालं की आपल्या गुणसूत्राच्या टोकाकडचे तुकडे टाकून देण्याची खोड असते. विष बनवायचं सामान तिथेच असतं. ज्याने ते टाकलं तो हलका होतो, भराभर वाढतो, गोरागोमटा दिसतो. म्हणून प्लेटवरची सुंदर कॉलनी कधी उचलू नका रे, असं मी फळ्यावर अधोरेखित करून सांगते. मुलं वहीत उतरवून घेतात. आणि मी तुझ्यासाठी दर वेळी सुंदर कॉलनी उचलली.

कळलं कसं, तेही तुला सांगायला हवं. तेरवीच्या आदल्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "अनू, येतानी तिचं ते भिवापुरी आनजो. एक डाव तिच्या फोटोपुढं ठेवू." मी सर्वांत ताजी प्लेट नीट गुंडाळून भिवापूरला नेली. काकूंनी ती दोन्ही हातांत घेतली. तू त्यांना सांगून ठेवलं होतंस ना, आपल्या वावराचा वास येतो म्हणून. त्यांनी झाकण थोडं उचललं, नाकाजवळ नेलं, डोळे मिटले. पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाल्या, "वास नाई येत वं."

मी प्लेट त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः हुंगली. नुसता ग्लुकोजचा गोडसर वास. राखाडी भुकटी नाही, सुरकुती नाही. इतके आठवडे मी त्या प्लेटचे फोटो काढत होते आणि एकदाही नाक जवळ नेलं नव्हतं. त्याच क्षणी मला सगळं समजलं.  आणि तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सर्दी झाली असन मले. रडून रडून नाक बंद झालं."

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "हो काकू, होतं असं."

सत्तरी ओलांडलेल्या, लेक गमावलेल्या बाईच्या नाकावर मी माझा गुन्हा ढकलला. प्लेट तुझ्या फोटोपुढे ठेवली, तिला हळदकुंकू लावलं. मग विलास बोलला आणि मी मान खाली घातली. आजवर मी पुष्कळ गोष्टींत चुकले आहे, तुझ्याशी बोलतानाच शंभरदा चुकले असेन, पण त्या दुपारच्या त्या चार शब्दांची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटली नाही.

नागपूरला परतले आणि प्रयोगशाळेत जे करायचं ते केलं. भिवापुरीच्या शेजारी रेघ ओढून दुसरे जिवाणू वाढवून पाहिले. ते थेट त्याच्या अंगाला भिडून वाढले, स्वच्छ गोल कुठेच नाही. मग दोन्ही हमालांचे जीन तपासले. पहिल्याची पट्टी जेलवर ठळक दिसली, रोजचा हमाल जागेवर होता. दुसऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. शेवटी फ्रीजमधली तुझी तपकिरी बाटली काढली, तुझ्या खऱ्या भिवापुरीने कधीकाळी बनवलेल्या विषाची. त्यातला एक थेंब माझ्या गुटगुटीत भिवापुरीवर टाकला. ते मेलं.

 पहिला विचार आला तो असा, की सुनंदा जिंकली. राखीव हमाल गेला आणि ते आपल्याच विषाने मेलं, म्हणजे तुझं बरोबर. फोन उचलून तुला सांगावं म्हणून हात टेबलावर गेला सुद्धा. आणि मग माझ्यातली भांडकुदळ जागी झाली. त्याच तुटलेल्या तुकड्यात माझा पंपही गेला असेल. दोन्ही एकदम गेले तर कोणामुळे मेलं, हे कोण सांगणार? तू असतीस तर हे तूच पहिल्यांदा म्हणाली असतीस. म्हणजे आपलं भांडण आता सुटणारच नाही. मी हरले असते तर परवडलं असतं. मी पटच उधळून दिला. पुन्हा त्या वावरातून माती आणता येईल, पण मूठभर मातीत ते पुन्हा सापडेलच असं नाही, आणि सापडलं तरी ते तुझं कसं असेल.

त्यानंतर मी चार दिवस कॉलेजला गेले नाही. माझी ही खोड तुला ठाऊक आहे. काही चुकलं की मी नाहीशी होते. एकदा माझ्यामुळे अख्ख्या बॅचच्या प्लेटवर बुरशी चढली तेव्हा मी आजारी असल्याचं कळवून घरी बसले होते, आणि तिसऱ्या दिवशी तू महालातल्या आमच्या जिन्यावर धापा टाकत उभी. "चाल वं. चहा ठेवून आली, अन् प्याले कोनी नाई." एवढंच म्हणालीस. बुरशीचा विषयसुद्धा काढला नाहीस. या वेळी जिना चढून येणारं कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी मीच उठले आणि भिवापूरची बस धरली.

काकू अंगणात बसून वाळल्या मिरच्यांचे देठ मोडत होत्या. समोर लाल ढीग, बाजूला सुपात देठ. मी गेल्या गेल्या ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बरंच झालं, कारण त्यातलं मिरचीचं किती आणि माझं किती हे कोणाला कळलं नसतं. त्यांनी पाणी दिलं. मी त्यांच्यासमोर बसले, एक मिरची उचलली, देठ मोडला आणि म्हणाले, "काकू, तुम्हाला सर्दी झाली नव्हती. वास नव्हताच त्याला. तिचं भिवापुरी माझ्या हातून गेलं. मी त्याला भलतंच खाऊ घातलं. तेरवीला मला कळलं होतं, तरी मी तुम्हाला खोटं बोलले."

त्या मिरची मोडत राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "माहीत आहे मले."

"काय माहीत आहे?"

"बिघडलं होतं थे. सुनंदानंच सांगतलं."

मी म्हणाले, सुनंदाला कुठून माहीत असणार. काकूंनी हातातला देठ सुपात टाकला. "तू फोटो दाखवून गेली होती नं एक दिवस, पांढरं पांढरं. तू गेल्यावर तिनं मले जवळ बलावलं. मंग म्हने, माय, अनूनं माह्या भिवापुरीले लाडावून बिघडवलं. आता नाई बनत थे काही."

मला तो दिवस आठवला, सुनंदा. तू माझा फोन हातात घेतला होतास आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला होतास. खूप वेळ पाहत होतीस. मी वाट बघत होते. तू विचारलंस, "वास येते का?" मी म्हणाले, येतो ना. तू फोन परत दिलास आणि म्हणालीस, "मस्त दिसून राहिलं." मी घरी जाताना आनंदात होते. वाटेत ऑटोवाल्याशी हसून बोलले होते.

तेव्हा खरंच वेळ होती. त्या दिवशी शुक्रवार होता. आधीच्या दोन प्लेट फ्रीजमध्ये होत्या, शनिवारी मी त्या नष्ट करणार होते. त्यांच्या कडेला कुठेतरी एखादी राखाडी, सुरकुतलेली कॉलनी उरलेली असेल. तू एक शब्द बोलली असतीस तर मी पळत गेले असते. आयुष्यभर माझ्या स्वल्पविरामाशी भांडणारी तू, त्या एका संध्याकाळी का नाही भांडलीस? मी काकूंसमोरच रडायला लागले. म्हणाले, "तिनं मला काहून नाही सांगितलं? ते वाचलं असतं. तिचं सगळं काम होतं त्यात."

"म्या बी म्हतलं तिले, सांग म्हनून. आयकलं नाई."

"पण का?"

काकूंनी पदराने हात पुसले. मिरचीचे हात, तरीही माझ्या पाठीवर ठेवला. "म्हने, नको माय. तिले सांगतलं तं थे लाजंनं उद्यापासून येनारच नाई. अन् मले आता भिवापुरी नाई पाह्यजे, थे रोज आली पाह्यजे."

मी त्या दुपारी काकूंपाशी बसून देठ मोडत राहिले. बोटांची आग होत होती. कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं, की तू मला ओळखलंच नाहीस, मी आले असते, लाज गिळून आले असते, तुझी खाट मी सोडली नसती. तुझ्याशी शेवटचं भांडायचं तर यावर भांडावं असं वाटलं. पण तुझ्यापुढे खोटं बोलायची आता हिंमत नाही.

सुनंदा, मी आले नसते.